लिंबाखालचं उन्हाळी कोर्ट

सन दोन हजार तीनच्या एप्रिलअखेरीस हिंगोलीच्या बार रूममध्ये उकंडराव वकिलांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, की येत्या मे महिन्यात आपण बारा वकील तयार करणार आहोत.

"एका महिन्यात लोणचं धड मुरत न्हाई," शेजारी बसलेले माऊली वकील म्हणाले, "आन तुमी वकील मुरवता काय?"

"वकील म्हंजी लॉच्या पहिल्या वर्षाची पोरं. सुट्टीत माझ्याकडं राहून काम शिकतील. मोठ्या शहरांतले मोठे वकील असं करतात, पेपरात आलंय. क्लार्कशिप म्हणतात त्याला. माझी अट येवढीच, की ज्याच्या घरात आजवर कोणी वकील झाला न्हाई त्यालाच घेणार. आन एका समाजाचे दोघं घेणार न्हाई."

"माझा एक पुतण्या हाय," माऊली म्हणाले.

"त्याच्या घरात तुमी हायत ना. बाद."

उकंडरावांच्या डोक्यात हे खूळ शिरलं त्याला कारण होतं. सव्वीस वर्षं ते एकच दृश्य पाहत आले होते. मेंढरं राखणारी, तांड्यावरची, गावकुसाबाहेरची माणसं कोर्टात यायची ती व्हरांड्यातल्या खांबाला टेकून उभी राहायची. आत पुकारा झाला, की जायची, "व्हय साहेब" म्हणायची आणि पुन्हा खांबाला येऊन टेकायची. यांच्यातलं एखादं लेकरू आत खुर्चीवर बसलं, तर त्याला तिथून काय दिसेल? उकंडरावांना हे खरोखर जाणून घ्यायचं होतं. बाकी बढाई म्हणजे वरचा तडका.

पहिला घोटाळा घरातच झाला. त्यांचे मुनशी दगडोबा बावीस वर्षं त्यांच्याकडे होते. ते संध्याकाळी तोंड पाडून समोर उभे राहिले.

"साहेब, माझं काय चुकलं?"

"काहून?"

"एका क्लार्कच्या जागी बारा क्लार्क घेऊन राहिलेत म्हणं तुमी. बार रूमात बोलून राहिले सगळे."

उकंडरावांनी त्यांना अर्धा तास समजावलं. दगडोबांनी मान हलवली, पण पटलं नाही. त्या दिवसापासून ते प्रत्येक कामाला "हो साहेब" म्हणू लागले आणि एकही काम करेनात.

दुसरा घोटाळा जाहिरातीचा. उकंडरावांनी शुद्ध मराठीचा आग्रह धरला आणि एसटी स्टँडवर चिठ्ठी लावली: 'प्रथम वर्ष विधीसाठी संपर्क साधा. सर्व समाजांना संधी.' तीन दिवसांत चौघेजण येऊन गेले. चौघांनाही घरातल्या माणसाचं वर्षश्राद्ध घालायचं होतं. उकंडरावांच्या पत्नी शकुबाई म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा हेच काम धरा. यात तारखा तरी पुढं ढकलत न्हाईत."

बाराच्या जागी शेवटी तिघं आली. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या वस्तीवरची सत्यशीला. हिच्या घरी मेंढरं, आणि अंगठ्याऐवजी सही करणारं घरातलं पहिलं माणूस तीच. वसमतचा मोहनसिंग, शिकलकरी समाजाचा. त्याचे वडील कुलुपं दुरुस्त करायचे. कळमनुरीची तहसीन, जिच्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान होतं. तिघंही नांदेड-परभणीला पहिल्या वर्षात शिकत होती.

मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी असते, म्हणून पहिला आठवडा उकंडरावांनी त्यांना जुन्या फायली वाचायला दिल्या. पोरं गपगुमान वाचतील असा त्यांचा अंदाज होता. तो पहिल्याच दुपारी चुकला.

"सर, प्रत्येक दाव्यात 'सबब' हा शब्द इतक्यांदा काहून येतो?" सत्यशीलानं विचारलं.

"सबब म्हणजे म्हणून. त्या कारणानं."

"उर्दूतही सबब म्हणजे कारण," तहसीन म्हणाली.

"आमच्या घरी सबब म्हणजे बहाणा," मोहनसिंग म्हणाला. "म्हणजे पानभर सगळे बहाणेच का सर?"

दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं विचारलं, की मे महिन्यातही वकील काळाच कोट का घालतात. तिसऱ्या दिवशी विचारलं, की अकरा वर्षं चाललेल्या बांधाच्या दाव्यात अजून कोणी बांध पाहायला का गेलं नाही. रात्री जेवताना उकंडराव तेच प्रश्न शकुबाईंना विचारायचे. त्या म्हणाल्या, "पोरगी चांगलं विचारून राहिली."

आठवडाभरात उकंडरावांच्या लक्षात आलं, की या पोरांना कागदापेक्षा कोर्ट दाखवायला हवं. खरं बंद, तर खोटं भरवू. अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. त्याखाली टेबल मांडलं, टेबलावर शकुबाईंची तांबडी चादर घातली. सत्यशीलानं मेंढरांचाच एक काल्पनिक दावा लिहून काढला: सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यालगत नामाजी नावाच्या माणसाच्या मेंढरांनी सिंधूबाई नावाच्या बाईचा हरभरा खाल्ला. मेंढरं राखणाऱ्या वस्त्यांत नामाजी घरोघर सापडतो, म्हणून ते नाव. चिठ्ठ्या टाकल्या. न्यायाधीश सत्यशीला, सिंधूबाईचा वकील मोहनसिंग, नामाजीची वकील तहसीन.

"नामाजी आणि सिंधूबाई व्हायला दोन माणसं बघून ठेवा," उकंडरावांनी दगडोबांना सांगितलं. "आन पुकारा तुमीच करायचा."

"हो साहेब," दगडोबा म्हणाले. माणसं त्यांनी अर्थातच पाहिली नाहीत. पुकाऱ्याचं मात्र वेगळं होतं. बावीस वर्षं ते शिपायाचा पुकारा ऐकत आले होते आणि मनातल्या मनात म्हणायचे, की याच्यापेक्षा आपण बरा केला असता.

सकाळी दहाला कोर्ट भरलं. उकंडराव कोपऱ्यात बाकावर बसले. सत्यशीला त्यांचा जुना कोट घालून टेबलामागे बसली. दगडोबा फाटकाशी गेले, छाती भरून घेतली आणि त्यांनी असा आवाज लावला, की लिंबावरचे कावळे उडाले आणि रस्त्यापलीकडे औंढ्याच्या जीपमध्ये चढणारी माणसं थबकली.

"सिंधूबाई हाजिर है? नामाजी हाजिर है?"

तिसऱ्या पुकाऱ्याला फाटक करकरलं. तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात मेंढरांच्या जंताच्या औषधाची बाटली असा एक साठीचा माणूस आत आला. त्यानं वहाणा फाटकाशी काढल्या.

"नाव?" दगडोबांनी विचारलं.

"नामाजी."

उकंडरावांना वाटलं, दगडोबा रुसला तरी कामाचा आहे, काय नामी माणूस आणलाय. दगडोबांना वाटलं, आपण माणूस पाहणार नाही हे ओळखून साहेबांनीच परस्पर सोय केली. पोरांना वाटलं, सरांची तयारी जबरदस्त आहे. त्या माणसाला काय वाटलं, हे कोणी विचारलंच नाही.

मोहनसिंग उठला. "या इसमानं सिंधूबाईंच्या उभ्या हरभऱ्यात मेंढरं घातली."

तहसीन उठली. "माझ्या अशिलाला हे कबूल नाही."

"न्हाई बाई," नामाजी तिच्याकडे वळून म्हणाला. "कबूल हाय."

तहसीनच्या हातातला कागद तसाच राहिला. तिनं तीन पानं बचाव लिहून आणला होता.

"पर हरभरा नव्हता," नामाजी पुढं म्हणाला. "भुईमूग होता. उन्हाळी. आन सिंधूबाई न्हाई, निर्मलाबाई. कालवा तेवढा बराबर हाय."

उकंडराव दगडोबांकडे वाकून पुटपुटले, "जरा पाठ करून घ्यायचं होतं त्याच्याकडून." दगडोबा काही बोलणार तोच उकंडरावांनी ओठांवर बोट ठेवलं. कोर्ट चालू होतं.

सत्यशीला मात्र पुढं वाकली होती. कागदावरचा दावा ती विसरून गेली होती.

"किती मेंढरं?"

"साठ. लहान पिलं सोडून."

"कुत्रं कुठं होतं?"

"कुत्र्याच्या पायात काटा मोडला व्हता. वस्तीवर ठिवलं व्हतं."

"मग म्होरक्या कोण होता?"

नामाजीनं पहिल्यांदाच मान वर करून न्यायाधीशाकडे पाहिलं. हा प्रश्न काळ्या कोटातलं माणूस विचारू शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. "नवा मेंढा हाय. दांडगा. म्या बाभळीखाली टेकलो, डोळा लागला. उठलो तवर भुईमुगाची धा तासं, धा वळी साफ केल्या व्हत्या त्येनं."

"निर्मलाबाईंना सांगितलं?"

"न्हाई. तिला वाटून राहिलं रानातलं रोही शिरलं, नीलगाय. गावातबी तसंच बोलतेत. पंधरा दिस झाले. ती बाई मला रोज पानी पाजते, तिच्याच हिरीचं. म्या पितो. आज पुकारा ऐकला आन म्हनलं, आलं आपलं नाव."

शकुबाई दारात येऊन उभ्या होत्या. उकंडराव मनात म्हणत होते, की काय अभिनय, काय अभिनय, याला गणपतीत नाटकाला घ्यायला पाहिजे.

सत्यशीलानं बराच वेळ लिहिलं आणि वाचून दाखवलं. नामाजीनं आजच निर्मलाबाईकडे जाऊन खरं काय ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. निर्मलाबाईचं शेजारी रिकामं वावर आहे का, असं सत्यशीलानं मध्येच विचारलं, नामाजी अर्धा एकर हाय म्हणाला. तर त्या वावरात त्यानं आपली मेंढरं चार रात्री बसवावीत, म्हणजे पेरणीआधी जमिनीला खत होईल आणि गेलेल्या भुईमुगाची भरपाई निघेल.

"मंजूर हाय," नामाजी म्हणाला. "कागद द्या."

दगडोबांनी रंगात येऊन कागदावर उकंडरावांच्या नावाचा गोल शिक्का मारला, नामाजीचा अंगठा घेतला आणि एक प्रत त्याच्या हाती दिली. नामाजी वाकून नमस्कार करून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दगडोबा," उकंडराव उठून म्हणाले, "कुठं सापडला हो हा माणूस?"

"मला काय इचारता? तुमीच आणला ना?"

मग उकंडराव अनवाणीच रस्त्यावर धावले. औंढ्याची जीप नुकतीच सुटली होती. मागच्या बाजूला लटकलेल्या माणसांत एक तांबडं पागोटं लांब जाताना त्यांना दिसलं.

ते परत आले आणि बाकावर बसले. वकिलानं खोटं कोर्ट भरवून, शिक्का मारून निकाल दिला, याला कायद्यात काय काय म्हणतात ते त्यांना पाठ होतं. सव्वीस वर्षांची सनद त्यांच्या डोळ्यांसमोर घोंगडीसारखी पसरली आणि घडी होऊन गेली.

"सर," सत्यशीला हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ते सगळं खरं होतं?"

"हो."

"मग निकाल चुकला का?"

उकंडराव उठले आणि टेबलावरची तांबडी चादर काढू लागले.

तीन दिवस काही घडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात एकवीस माणसं बसली होती. सिद्धेश्वरकडची होती, गोरेगावहून जीपनं आलेली होती. वारंगा फाट्याचे दोन हॉटेलवाले तर एका बाकड्यावरून भांडण घेऊन, ते बाकडंच उचलून आले होते. एका सासऱ्याला जावयानं नेलेला रेडिओ परत हवा होता. एक बाई नुसतीच कबूल करायला आली होती. काय ते मात्र ती न्यायाधीशाशिवाय कोणाला सांगणार नव्हती. सगळ्यांनी ऐकलं होतं, की हिंगोलीत लिंबाखाली उन्हाळी कोर्ट निघालंय. तिथं एका बैठकीत निकाल लागतो आणि मॅडम मेंढराची जात ओळखतात.

रुसलेल्या दगडोबांचा तर कायापालट झाला होता. त्यांनी सगळ्यांना रांगेत बसवून कागदाच्या चिटोऱ्यांवर नंबर वाटले होते.

उकंडराव पायरीवर उभे राहून म्हणाले, "मंडळी, हे कोर्ट न्हाई. पोरांचा सराव होता. इथं निकाल लागत न्हाई. समजलं का?"

"समजलं साहेब," पुढचा हॉटेलवाला नम्रपणे म्हणाला. "आमचा नंबर कितवा?"

दुपारपर्यंत त्यांना पांगवता पांगवता उकंडरावांचा घसा बसला. तेवढ्यात खऱ्या कोर्टाचा शिपाई आला. सुट्टीतही फौजदारी काम पाहणाऱ्या न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावलं होतं. त्या पोरांनाही घेऊन या, असा निरोप होता.

चेंबरमध्ये एक ठेंगणी, तोंडाळ बाई आधीच उभी होती. न्यायाधीशांच्या टेबलावर नामाजीला दिलेला तो कागद होता, गोल शिक्क्यासकट.

"या निर्मलाबाई," न्यायाधीश म्हणाले. "यांना या निकालावर अपील करायचंय."

"चार रात्री कमी हायत," निर्मलाबाई म्हणाली. "धा तासं खाल्ली माझी. सहा रात्री पायजेत."

त्यांनी पुष्कळ अशिलांना सल्ला दिला होता, की विचारतील तेवढंच बोला. स्वतःची वेळ आली तेव्हा त्यांनी वर्षश्राद्धाच्या चिठ्ठीपासून सगळं सांगून टाकलं. चादर शकुबाईंची होती हेसुद्धा सांगितलं.

न्यायाधीशांनी कागद पुन्हा एकदा वाचला. "हा निकाल कोणी लिहिला?"

"मी, सर," सत्यशीला म्हणाली.

"चारच रात्री का?"

"साठ मेंढरं आहेत सर, वावर अर्धा एकर. चार रात्री बसवली की पुरतं. जास्त बसवली तर पुढं तिथं लावलेला कापूस नुसता माजतो, बोंड धरत न्हाई. सहा रात्री दिल्या तर यांचंच नुकसान होईल."

न्यायाधीशांनी निर्मलाबाईकडे पाहिलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "ते बी खरंच हाय," ती म्हणाली. "माघारी घेते."

मग न्यायाधीशांचा आवाज कडक झाला. या कागदाला काडीचीही किंमत नाही, असं त्यांनी सुनावलं. कागद फाडून टोपलीत टाकला. उकंडरावांनी आजच्या आज दोघा पक्षकारांच्या समोर उभं राहून सांगायचं, की निकाल खोटा होता आणि कोणावरही बंधन नाही. पुन्हा लिंबाखाली टेबल दिसलं, तर सनदेचा विचार करावा लागेल.

उकंडराव मान खाली घालून दारापर्यंत गेले, तेव्हा मागून आवाज आला, "उरलेले दिवस या मुलांना माझ्या कोर्टात पाठवा. मागं उभं नका करू. पुढं खुर्च्यांवर बसवा."

संध्याकाळी उकंडराव, तिघं पोरं आणि निर्मलाबाई जीपनं तिच्या गावी उतरले. ऊन कललं होतं, कालव्याचं पाणी मंद चाललं होतं. रिकाम्या वावरात नामाजीची मेंढरं नुकतीच येऊन टेकत होती. तिसरी रात्र होती. बाभळीला टेकून नामाजी निर्मलाबाईच्या तांब्यातलं पाणी पीत होता. वकिलाला पाहून तो उठला.

उकंडरावांनी दोघांना समोर उभं केलं आणि सगळं उलगडून सांगितलं. ते कोर्ट खोटं होतं, नामाजी हे नाव मनानं लिहिलेलं होतं, पुकारा तुमच्यासाठी नव्हता. तुम्ही कबूल केलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. मेंढरं आत्ता उठवून नेली तरी चालेल.

नामाजीनं तांब्या खाली ठेवला.

"म्हंजी ते समदं खोटं?"

"सगळं."

"मंग तीन रोजापासून झोप लागून राहिली मला," नामाजी म्हणाला, "ती बी खोटी काय साहेब?"

मोहनसिंग कालव्याकडे पाहू लागला. सत्यशीलानं खाली बसून नव्या मेंढ्याच्या शिंगावर हात फिरवला. त्यानं तो फिरवू दिला.

"उद्याची एक रात राहिली," नामाजी म्हणाला. "ती झाल्याबिगर म्या हालत न्हाई. तुमचं कोर्ट खोटं आसंल. माझ्या मेंढरानं भुईमूग खरा खाल्लाय."

"आन साहेब," निर्मलाबाई म्हणाली, "बोलून झालं आसंल तर जरा बाजूला सरा. तुमी माझ्या उरल्या भुईमुगात उभे हायत."

उकंडरावांनी खाली पाहिलं. बोलण्याच्या भरात ते बांधावरून आत आले होते. दोन्ही बुटांखाली हिरवं चिरडलं होतं. 'जागा अरुंद होती, अंधारून आलं होतं, सबब...' असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं. पण तिन्ही पोरं त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. आता सर काय म्हणतात, याची त्यांना मनापासून उत्सुकता होती.

"माझी चूक," उकंडराव म्हणाले. पुढं त्यांनी काहीच जोडलं नाही. त्यांच्या उभ्या वकिलीतलं ते सर्वांत लहान निवेदन होतं.

कोट काढून त्यांनी बांधावर ठेवला, सरीत वाकले आणि चिरडलेलं एक रोपटं दोन्ही हातांनी जपून सरळ केलं. त्याच्या बुंध्याशी माती ओढली, नीट दाबली, वर ओंजळभर पाणीही आणून घातलं.

निर्मलाबाई बांधावरून बघत होती.

"ते ऱ्हाऊ द्या साहेब," ती म्हणाली. "ते गवत हाय."